मेतकुटाशेजारची सोमलता

मऊ भात, त्यावर साजूक तूप आणि चमचाभर मेतकूट एवढं मिळालं की मला कुवेतमधला शुक्रवार पुरतो. त्या शुक्रवारीही माझी मागणी एवढीच होती. बायको फहाहीलच्या एका क्लिनिकमध्ये फार्मसिस्ट आहे, ती ड्यूटीवर. मुलगा कानाला हेडफोन लावून त्याच्या खोलीत. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आतल्या खोलीत झोपलेला. महिनाभरापूर्वी तो नाशिकहून सुट्टी संपवून परतला होता आणि येताना त्याने आणलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या, रबर लावून, आमच्या फडताळात शेजारी शेजारी उभ्या होत्या.

एकीतली पूड पिवळी होती. दुसरीतली जराशी तपकिरी, हिरवट झाक असलेली. पिवळी जवळजवळ संपलेली म्हणून मी दुसरी उघडली. सासूबाई मेतकुटात प्रयोग करतात हे मला ठाऊक होतं. या वेळी डाळ जास्त भाजली असेल, असा मी तर्क केला. पहिल्या घासाला कडू लागलं. पण जावयाने सासूबाईंच्या हातचं टाकायचं नसतं, या एकाच नियमावर मी वीस-बावीस वर्षं संसार केलाय. आणखी एक चमचा घालून भात संपवला.

अर्ध्या तासाने मला स्वतःबद्दल फार बरं वाटू लागलं. एसीचे तिन्ही फिल्टर काढून धुतले. चपलांचं कपाट आवरलं. साताऱ्याच्या ज्या मावशीला दोन वर्षं फोन केला नव्हता, तिला फोन करून तिच्या गुडघ्यांवर सविस्तर सल्ला दिला. मुलगा पाणी प्यायला बाहेर आला, त्याने मला शिडीवर पाहिलं आणि विचारलं, "डॅड, आर यू ओके?" इतका ओके मी लग्नानंतर कधी नव्हतो, असं मी त्याला सांगितलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझंच हृदय मला कानात ऐकू येतंय आणि हातातला पाना थरथरतोय. खाली उतरलो आणि सोफ्यावर बसून राहिलो.

बायको आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझं मनगट धरूनच बसली. मग रक्तदाबाचं यंत्र आणलं.

"काय खाल्लंत?"

"मेतकूट-भात."

तिने फडताळ उघडलं, दुसऱ्या पिशवीचा वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकली आणि आतल्या खोलीच्या दारावर थाप मारली. मग क्लिनिकच्या डॉक्टरांना फोन लावून माझी नाडी आणि दाब सांगितले. छातीत दुखलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, नाहीतर दर थोड्या वेळाने मोजत राहायचं, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत मी एखाद्या सत्यनारायणासारखा चौरंगाऐवजी सोफ्यावर मांडलेला होतो आणि घरातले येऊन जाऊन बघत होते.

मेहुणा बाहेर आला आणि पिशवी बघून त्याचा चेहरा उतरला. हळूहळू सगळं बाहेर पडलं. जिममधल्या मित्राने नाशिकला त्याला एक मोठा डबा दिला होता. ताकदीसाठी, जागं राहण्यासाठी, शंभर टक्के वनस्पतीजन्य. निघायच्या दिवशी बॅगेचं वजन जास्त झालं. आपल्याकडे वजन वाचवायचं म्हटलं की पहिला बळी डब्याचा जातो. पूड पिशवीत ओतायची, वर रबर लावायचं, झालं. त्या डब्याबरोबर आत काय आहे हे सांगणारा एकमेव कागदही नाशिकच्या कचराकुंडीत गेला. इकडे मेहुणा रोज शिफ्टला जाताना चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेत होता. कधी कधी दुपारीही.

तो क्रेन चालवतो, हे इथे सांगायला हवं. आमच्या दक्षिणेकडच्या रिफायनरीत तेव्हा शटडाऊन चालू होता, म्हणजे सगळा प्लांट बंद ठेवून महिनाभर दुरुस्तीचं काम, बारा-बारा तासांच्या शिफ्ट. तिथे मी प्लॅनिंगला होतो, म्हणजे इतरांनी काय कधी करायचं ते एसीत बसून रंगवणारा माणूस. मेहुण्याचं काम मी बाहेर जाऊन बघत असे. अख्खं एक्स्चेंजर, म्हणजे तेल तापवण्या-थंड करण्याचं टनावारी वजनाचं नळकांडं, उचलून तो पायाच्या बोल्टवर असं टेकवायचा की खाली उभ्या असलेल्या, दोर-साखळ्या बांधणाऱ्या रिगरला धातूवर धातू बसल्याचा आवाज यायचा नाही. मला साधी गाडी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तीन वेळा मागे-पुढे केल्याशिवाय लावता येत नाही, त्यामुळे त्याचं कौतुक मला जरा जास्तच.

आतापर्यंत तो लहान क्रेनवर होता. शनिवारची मोठी लिफ्ट, म्हणजे सगळ्यात अवजड उचल, त्याने स्वतः केली की मोठ्या क्रेनचा ऑपरेटर म्हणून तो कायम होणार होता. कायम झाला की बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलीला इकडे आणण्याचा व्हिसा. समोरच्या इमारतीतला एक बेडरूमचा फ्लॅट त्याने बघून ठेवला होता. पडद्यांसाठी खिडक्यांची मापंही घेऊन आला होता, आणि ती मापं तो बायकोला फोनवर इतक्या वेळा सांगायचा की मलाही पाठ झाली होती.

मित्राकडून नव्या डब्याच्या लेबलचा फोटो आला. बायकोने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोबाईल जवळ धरून वाचला. सोमलतेचं सत्त्व, कॉफीच्या बियांचा अर्क, आणखी दोन-तीन गोष्टी.

"पण आयुर्वेदिकच आहे ना?" मी सोफ्यावरून विचारलं.

"धोतराही आयुर्वेदिकच आहे, अहो."

पण मला तिचं आवडलं ते पुढचं. तिने झाडाला नावं ठेवली नाहीत. सोमलता मोठी गुणाची, असं ती म्हणाली. दम्याने अडलेली छाती ती मोकळी करायची, आणि वैद्य ती चिमटीने देऊन रोग्याची नाडी बघत बसायचा. आता त्याच झाडाचं सत्त्व काढायचं, त्यात कॉफी घालायची, किती ते धड लिहायचं नाही आणि नाडी बघायला कुणी ठेवायचं नाही. दोन्ही मिळून हृदयाला पळवतात, दाब वाढवतात, झोप उडवतात. थकवा तसाच राहतो, फक्त कळत नाही. इथे आरोग्य खात्याच्या नोंदणीशिवाय असा डबा दुकानात ठेवता येत नाही आणि सोमलतेच्या सत्त्वावर तर नियम आणखी कडक. "तू ती पिशवी विमानतळावरून बिनलेबलची आणलीस," ती भावाला म्हणाली, "आणि कुणी थांबवलं नाही, हे तुझं नशीब." ती बोलत असताना मी तिच्याकडे बघत होतो. रोज काउंटरपलीकडे ही अशीच बोलत असणार, आणि मी घरी तिला भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतो.

उद्याचं काय, हा प्रश्न उरला. माझ्या वेळापत्रकात ती लिफ्ट लाल रंगात होती. ती हलली की मागचं सगळं हलणार. मी म्हणालो, पूड न घेता उद्याचं उरकून टाक, मग कायमची बंद कर. बायको म्हणाली, एवढे दिवस घेऊन एकदम थांबला तर तो केबिनमध्ये पेंगेल, आणि घेऊन गेला तर हात असे. तिने त्याच्या हाताकडे बोट केलं. त्याच्या बशीत कप हलकेच वाजत होता.

"ताई, तू सांग काय करू."

"औषधाचं मी सांगितलं. क्रेनचं तुला कळतं."

तो कप ठेवून उठला. लवकर झोपायला गेला, पण झोप लागली असेल असं वाटत नाही.

सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे उभ्याने जमतात. सुपरवायझर, केरळचा, चांगला माणूस पण घाईतला, त्या दिवशीचे धोके वाचून दाखवतो आणि शेवटी हिंदीत विचारतो, कोई अनफिट है? प्रश्न आणि पुढचं वाक्य यांत त्याचा श्वासही थांबत नाही. इतक्या वर्षांत त्याला कुणी उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. सगळे कंत्राटावरची माणसं. अनफिट म्हटलं तर उद्या दुसरा उभा. त्या शनिवारी सुपरवायझर पुढचं वाक्य म्हणून मोकळा झाला होता, तेव्हा मेहुण्याचा हात वर गेला.

"सर, मैं आज लिफ्ट नहीं करूँगा. मेरा हाथ ठीक नहीं है."

कुणीतरी मागे हसलं. सुपरवायझरने काळा चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, कारण वेळापत्रक माझं होतं. मला लाल रेष दिसली, मग समोरच्या फ्लॅटच्या खिडक्या. मी मान डोलावली. एवढंच माझं योगदान, तेही उशिरा.

रिफायनरीच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरने विचारलं, काही औषध चालू आहे का? आपल्यातल्या शंभरातली शंभर माणसं इथे नाही म्हणतील, आणि खोटं बोलल्याचं त्यांना वाटणारही नाही, कारण झाडपाला हे औषधच नव्हे. मेहुणा म्हणाला, औषध नाही, पण पूड घेत होतो, आणि लेबलचा फोटो पुढे केला. डॉक्टरने त्याला पुन्हा तपासणी होईपर्यंत क्रेनवरून खाली उतरवलं. मोठी लिफ्ट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ऑपरेटरने केली. जागाही त्यालाच मिळाली. मेहुण्याचा विचार पुढच्या शटडाऊनला, असं ऑफिसने कळवलं. त्याला कुणी शाबासकी दिली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरने तो प्रश्न विचारला आणि तो थांबला. खरंच थांबला, एकेकाच्या तोंडाकडे बघत. एका वेल्डरने डोळा सुजल्याचं सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही मंगफच्या किनाऱ्यावर गाडी लावली, कारण घरी त्याला हा फोन करवत नव्हता. त्याने आपल्या बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. दोन्ही हात मोकळे नसले तर त्याला बोलता येत नाही. त्याने सगळं सांगितलं. पुडीपासून, लपवाछपवी न करता. व्हिसाचं शेवटी सांगितलं.  पलीकडे मुलगी तिच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या ओढत होती. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा पडद्यांचं विचारेल.

"हात दाखवा," ती म्हणाली.

त्याने पंजा पसरून कॅमेऱ्यासमोर धरला. चार दिवस पूड बंद होती, जमेल तेवढी झोप काढली होती. तिने बराच वेळ बघितलं.

"अजून थरथरतोय."

"नाही गं. माझा नाही."

"मग दाजींना सांगा, फोन नीट धरा."

मी दोन्ही हातांनी धरला.