खाली उतरणाऱ्या दोन रेघा

विद्यापीठात तिला सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वडील काचेच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात होते. ती लहान होती तेव्हापासूनच त्यांचे कान जायला लागले होते, आणि निवृत्त होऊन घरी आले ते कान तिथेच ठेवून. त्यामुळे त्या घरात मीठ मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. असल्या घरात वाढलेली पोर वाचनालयात कुजबुजणार कशी? तिने शेजारणीकडे पेन मागितलं की खालच्या मजल्यावरची माणसं खिसे चाचपत.

पीएचडीला विषयही तिने घरचाच घेतला: वडिलांच्याच कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज आणि तिथल्या माणसांचे कान. विषय ऐकून मोठ्या लोकांनी माना डोलावल्या. दोन शास्त्रांचा संगम, काळाची गरज, वगैरे वगैरे. यंत्र विभागाचे एक सर आणि श्रवण विभागाच्या एक मॅडम असे दोन मार्गदर्शक तिला मिळाले. संगम म्हणाल तर एवढाच, की दोघांच्या सह्या एका कागदावर होत्या. माणसं काही दोन वर्षांत एकदाही एका खोलीत आली नाहीत.

हाल झाले ते हिचे. यंत्र विभागाने तिला कोवळ्या पोरांबरोबर कंपनांची गणितं सोडवायला बसवलं. श्रवण विभागाने कानातल्या हाडांची नावं घोकायला लावली. इकडे बसायला कॉम्प्रेसरशेजारचं स्टूल होतं आणि तिकडे कान तपासायच्या आवाजबंद खोलीतली मोडकी खुर्ची, तीही पेशंट नसेल तेव्हा. यंत्रवाले म्हणत, ही कानवाल्यांची. कानवाले म्हणत, ही यंत्रवाल्यांची. चहाची वर्गणी काढायची झाली की मात्र ती दोघांना आपली वाटे.

कारखान्यातल्या मोटरींखाली जाड रबरी गाद्या बसवायची कल्पना सरांची. गाद्या बसण्याआधी आणि त्यानंतर वर्षाने तिने यंत्रांचा आवाज मोजला, कामगारांचे कानही तपासले आणि दोन्हींच्या रेघा एकाच आलेखावर काढल्या. दोन्ही रेघा खाली उतरल्या होत्या. सरांनी तोंडभरून कौतुक केलं. मॅडमनी मान हलवली आणि सही केली. दोघांनाही आलेख कळला, आपलं घोडं गंगेत न्हालं असं तिला वाटलं.

मग वार्षिक आढाव्यासाठी सरांनी लिहिलेला सारांश तिच्या हाती आला. त्यात लिहिलं होतं, गाद्यांमुळे आवाज घटला आणि कामगारांची श्रवणशक्ती सुधारली. ती तीनताड उडाली. श्रवणशक्ती सुधारली नव्हती, चांगली बिघडली होती. सरांच्या विभागात रेघ खाली आली की त्रास कमी झाला असं धरतात. कानवाल्यांची रीत उलटी. त्यांच्या आलेखावर बारीक आवाज वर, मोठा आवाज खाली, त्यामुळे माणसाला जितकं कमी ऐकू येईल तितकी रेघ खाली घसरते. हिने इमानेइतबारे एक रेघ यंत्रवाल्यांच्या रीतीने काढली आणि दुसरी कानवाल्यांच्या. सरांनी दोन्ही आपल्या रीतीने वाचल्या. मॅडमनी आपली तेवढी वाचली आणि दुसरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पण आवाज घटल्यावर कान बिघडावेत कसे? ती तडक कारखान्यात गेली. मोटरींची घरघर जवळजवळ थांबली होती, आणि कामगारांनी कानांवरची, आवाज अडवायची झाकणं काढून गळ्यात अडकवली होती. इतक्या वर्षांनी कामावर गप्पा मारता येत होत्या, त्या कोण सोडेल? एकावर एक आपटणाऱ्या बाटल्यांचा खणखणाट मात्र होता तसाच होता, आणि आता तो उघड्या कानांत शिरत होता. आपले बाबाही असेच बसले असते, हसत, झाकण गळ्यात घालून, हे तिच्या मनात आलं आणि तिला संताप आला. कुणाचा, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सरांना सांगायला गेली तर ते पुरतं न ऐकताच म्हणाले, कानांचं प्रकरण काढून टाक, लगेच डॉक्टर होशील. मॅडम म्हणाल्या, यंत्रांचं राहू दे, कानांचं आमच्याकडे पूर्ण कर. आढाव्याच्या दिवशी समितीचे अध्यक्ष तर सरळच बोलले. एक विभाग निवड, नाहीतर नोंदणी रद्द. दोघंही मार्गदर्शक त्या दिवशी प्रथमच एका टेबलाशी होते, मधे रिकामी खुर्ची ठेवून.

तिने पडद्यावर आलेख लावला. "सर, कानांची रेघ काय सांगते?"

"सुधारणा."

"मॅडम?"

मॅडमनी चष्मा चढवला, सरांकडे पाहिलं. "सुधारणा कसली? नुकसान आहे हे."

खोलीत चुळबुळ झाली. तिचा आवाज चढला, थेट घरी मीठ मागतानाचा झाला. "दोघांनी सही केलीय यावर. यंत्राकडे गेले तर कान बिघडल्याचं कळणार नाही. कानांकडे गेले तर का बिघडले ते कळणार नाही. मी निवडणार नाही. नोंदणी काढायची तर काढा, ही रेघ मी पुसणार नाही."

"हळू बोल," अध्यक्ष म्हणाले. "ऐकू येतंय आम्हाला."

"नाही येत, सर. येत असतं तर दोन वर्षांत यांनी एकमेकांना एकदा तरी विचारलं असतं."

तिला बाहेर बसायला सांगितलं. बंद दाराआडून सर आणि मॅडम एकमेकांशी भांडताना ऐकू येऊ लागले, आणि दोघांपैकी कुणीच हळू बोलत नव्हतं. बाकावर ती ताठ बसून राहिली.

शेवटी अध्यक्षांनी दार उघडलं. नोंदणी दोन्हीकडे कायम, आणि यापुढे प्रत्येक प्रकरण मार्गदर्शकांनी समोरासमोर बसून वाचायचं, एवढं सांगून ते आत गेले. तिने तिथूनच घरी फोन लावला. वडिलांनी दोनदा विचारलं, शेवटी कुठला विभाग घेतलास म्हणून.

"दोन्ही, बाबा," ती ओरडली. "दोन्ही."

सगळ्या खोल्यांच्या दारांतून डोकी बाहेर आली. वडिलांना नीट ऐकू गेलं नव्हतं, म्हणून तिने तिसऱ्यांदा, आणखी मोठ्याने सांगितलं.