गॅलरीतले ठोकळे आणि तारेची घासणी

रविवारी दुपारी बाजारातून घरी आले, गॅलरीत डोकावले, तर माझे काँक्रीटचे ठोकळे लख्ख घासून ओळीने उन्हात वाळत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नोकरी सांभाळून एम.ई. करतेय आणि विषय आहे, स्वतःची भेग स्वतः बुजवणारं काँक्रीट. सिमेंट कालवतानाच त्यात एक प्रकारचे बॅक्टेरिया घालायचे. ते आत झोपून राहतात, भेगेतून पाणी शिरलं की जागे होतात आणि चुनखडी तयार करून भेग भरतात... निदान कागदावर तरी.

आमच्या खाडीजवळच्या इंद्रलोक वस्तीत खाऱ्या हवेने सळया गंजतात आणि गॅलऱ्यांचं प्लास्टर पडतं, म्हणून हा विषय डोक्यात बसला. माझ्या गाईड सरांचा मात्र विश्वास नव्हता. "दिवाळीनंतर बुजलेली भेग दाखवा, नाहीतर दुसरा विषय घ्या," म्हणाले.

मग जवळच्या राई गावच्या खाडीचं पाणी कॅनने आणलं, ठोकळ्यांना मुद्दाम तडे पाडले आणि दोन टबांत बुडवून ठेवले. निळ्या टबात बॅक्टेरियावाले, लाल टबात साधे. तेव्हापासून माझा जीव त्या गॅलरीत! भाजी फोडणीला टाकली की एक चक्कर, ऑफिसला निघताना चप्पल काढून परत एक चक्कर... नवरा म्हणायचा, "अगं, ते काही उठून पळून जाणार नाहीत."

गेल्या आठवड्यात दोन्ही टबांत पांढरा थर दिसायला लागला. चुनखडी की नुसतं मीठ, काही कळेना. हात लावायची हिंमत होत नव्हती.

आणि तोच थर आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दिवाळीच्या साफसफाईत तारेच्या घासणीने काढून टाकला होता. "केवढा क्षार साचला होता गं," त्या मोठ्या कौतुकाने म्हणाल्या. मी तशीच वळले. आत जाऊन पलंगावर बसले आणि रडले... राग आला होता, खूप.

थोड्या वेळाने आई एक ठोकळा घेऊन आत आल्या. "चुकलं का गं माझं काही? लाल टबातल्यांचं पटकन निघालं. पण या निळ्या टबातल्यांच्या भेगांमधलं मेलं निघतच नाही बघ. सुरीने खरवडलं, पिनेने कोरलं... बाथरूमचं ॲसिड ओतणार होते, तर बाटली रिकामी."

ॲसिड म्हटल्यावर अंगावर काटाच आला. त्यात माझी सगळी चुनखडी विरघळून गेली असती. आणि मग एकदम लक्षात आलं... कुठल्या टबात काय आहे, हे आईंना माहीतच नव्हतं की! म्हणजे दोन्ही त्यांनी सारख्याच जोराने घासले होते.

ठोकळा खिडकीशी नेला आणि भेगेत नख घालून पाहिलं. नख शिरेना. आता हसताना रडू येत होतं.

दिवाळीपर्यंत कुठलं थांबवतंय... काल ठोकळे पिशवीत घालून सरांपुढे ठेवले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "खरवडून कोणी बघितलं?" "सासूबाईंनी, सर. तारेच्या घासणीने." सर हसले, "आता लॅबमध्ये रीतसर करा," म्हणाले. विषय राहिला!

दुसरी बॅच भिजत घातलीय आणि माझ्या चकरा परत सुरू झाल्यात. आई, थँक्यू... मी तोंड फिरवून बसलेले असतानाही तुम्ही तो ठोकळा घेऊन आत आलात.

आज सकाळी गॅलरीत गेले, तर माझ्याआधीच आई निळ्या टबात वाकून बघत होत्या.

"घासू का गं?"

"अजून नाही, आई."