बाला घेऊन निवांत जेवायला

आता हसाल तुम्ही. हसा! पण त्या मंगळवारी मी जे करून बसले, ते दुसऱ्या कुणा पोरीनं केलं असेल तर मला आणून दाखवा.

मला बाशी, म्हणजे माझ्या बापाशी, फक्त अर्धा तास बोलायचं होतं. दोघांनीच. विषय एकच, सूर्यमाळचा किरण. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं, आणि त्याच्या घरचे येत्या रविवारी दुसरी मुलगी बघायला निघाले होते!

जामसरच्या आमच्या घरात गुपचूप बोलायची सोय नाही. मी जव्हारला कापडदुकानात कामाला. मंगळवारी दुकान बंद. म्हणून बाला स्टँडजवळच्या हॉटेलात घेऊन गेले. कोपऱ्यातलं टेबल, चार खुर्च्या. बा नेमका दाराकडं तोंड करून बसला.

आमच्या पाड्यावरची रीत तुम्हाला माहीत आहे का? जेवताना कुणी दिसला की ‘ये जेवाय’ म्हणायचंच. त्यानं ‘चालू दे’ म्हणून पुढं जायचं. पण अहो, हॉटेलात माणूस येतो तोच जेवायला! तो पुढं जाणार कुठं? त्यात बा म्हणजे जव्हारभर बिगारी काम केलेला माणूस, ओळखी पावलोपावली.

थाळ्या आल्या. मी घसा साफ केला.

“बा, तुला एक सांगायचं हाय...”

“ये रं लक्ष्मण, ये जेवाय!”

लक्ष्मण गवंडी आला, बसला आणि कुणाच्या तरी स्लॅबचं रामायण लावलं.

“बा, ऐक ना...”

“सलाम चाचा! या, बसा!”

आमच्या दुकानाबाहेर मशीन टाकून बसणारे शिंपीचाचा. झालं! आता किरणचं नाव काढलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात.

“बेटी, आज तर छुट्टी. तोंड असं का केलंय?”

काय सांगणार? मी दातओठ खात भात कालवत राहिले. बा मात्र खुशीत. सारखा दाराकडं बघतोय!

“बा, माझ्याकडं बघ की!”

“बघतो गं. तू जेव.”

शेवटी तो हात धुवायला मागं गेला. तेवढ्यात एक किडकिडीत काका आत आले. पांढरा सदरा, हातात पिशवी. सरळ आमच्याकडं.

“जामसरचे शिवराम इथंच हायेत ना?” असं बाचं नाव घेत त्यांनी त्याचीच खुर्ची ओढली. माझं डोकंच फिरलं.

“काका, इथं पंगत नाय बसलेली! मला माझ्या बापाशी दोन शब्द बोलायचेत, आन एकेक जण येऊन बसतोय. तुम्ही तरी दुसरीकडं जा!”

लक्ष्मणकाका काही बोलायला गेले, मी त्यांच्याकडंही असे डोळे वटारले की ते गप्प. पांढऱ्या सदऱ्यातल्या काकांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

बा हात पुसत आला. “कोणी आलं नाय ना?”

“आला होता तुझा एक. पांढरा सदरा. घालवला मी.”

बा मटकन बसला. “अगं येडे, तो किरणचा बा!”

माझा घास तोंडातच राहिला.

“तुझी हिंमत होत नाय म्हणून पोरगाच येऊन भेटला मला. मीच बोलावलं त्याच्या बाला. लक्ष्मण आन चाचा उगा आले काय? लग्नाच्या बोलणीला चार माणसं नकोत?”

चाचा खाली मान घालून पापड मोडत होते.

मी उठले ती उष्ट्या हातानं स्टँडवर. सूर्यमाळकडं जायची मोखाड्याची एसटी गच्च भरून सुटायच्या बेतात, आणि काका खिडकीशी!

“काका, उतरा! चुकलं माझं!”

“राहू दे पोरी. तुला बापाशी बोलायचं हाय ना? बोल सावकाश.”

गाडी सुरू झाली आणि माझा धीर सुटला.

“अहो, तुमच्या किरणचंच बोलायचं होतं! मला त्याच्याशीच लग्न करायचंय!”

अख्खी गाडी माझ्याकडं वळून बघायला लागली. बाच्या कानात सांगायला जे आठवडाभर जमलं नव्हतं, ते मी अख्ख्या एसटीला ओरडून सांगितलं होतं. कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली.

“काका, तुम्ही उतरताय, का सूनबाईंना वर घेऊ?”

काका उतरले. माणूस भला. बोलणी झाली, लग्न ठरलं.

किरणला आनंदाची बातमी द्यायला मी लगेच फोन लावला. त्याला आधीच कळलं होतं. एसटीतल्या कुणीतरी कळवलं होतं, “लेका, पोरगी पक्की. पण तुझ्या बाला उपाशी हाकलला तिनं!”