ओला चिखल

बाळकुमच्या आमच्या संकुलामागे खाडी आहे. सहा वर्षं मी तिथे राहिले आणि वास आला की खिडकी लावून घेण्यापलीकडे तिच्याशी संबंध ठेवला नाही. शाळेत शिकवताना मात्र फळ्यावर ऐटीत खेकड्याचे दहा पाय काढायचे. खरा खेकडा धरायला मला शिकवलं ते जुन्या गावातून दारावर मासळी आणणाऱ्या मावशींनी. चिंबोऱ्या मिळतात कुठे, असं सहज विचारलं, तर त्यांनी मला सोबतच नेलं.

अमावास्येच्या सुमारास, सकाळच्या ओहोटीला आम्ही जायचो. बिळं शेकडो, बहुतेक रिकामी. तोंडाशी नुकता उकरलेला ओला चिखल असेल तर चिंबोरी आत आहे. चिखल वाळून भेगाळला असेल तर पुढे चालायचं. पहिल्या दिवशी मी एका रिकाम्या बिळात अर्धा तास त्यांचा लोखंडी आकडा फिरवत बसले आणि मावशी शांतपणे पान खात बघत राहिल्या. नंतर एका चिंबोरीने माझा अंगठा असा धरला की खूण अजून आहे. अंडी असलेली मादी सोडून द्यायची, बीळ फोडायचं नाही, हे त्यांचे नियम.

वर्षभराने त्यांनी मला तिवरांआडचा त्यांचा जुना बांध दाखवला. मोठ्या चिंबोऱ्या तिथेच.

"ही जागा कोनाला दावू नको," म्हणाल्या. मी कबूल केलं.

आणि दाखवली. कोपरला राहणारी माझी मैत्रीण, माझ्याच शाळेत शिकवणारी. बारा वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. तिच्यापुढे फुशारकी मारायचा मोह मला आवरला नाही. कुणाला सांगणार नाही म्हणाली, म्हणून नेलं.

महिन्याभरात मोबाइलवर तिच्या रविवारच्या सहलीचे फोटो दिसले. मागे माझा बांध. पुढच्या रविवारी मी धावत गेले. तीसेक माणसं बांधावर उभी, मुलं बिळांत काठ्या खुपसतायत, दोन बिळं फावड्याने उघडी केलेली. ती ओल्या चिखलाबद्दल सांगत होती, मावशींच्याच शब्दांत. मी तिला बाजूला ओढलं.

"अगं, खाडी काय तुझ्या नावावर आहे?" ती म्हणाली.

नव्हतीच. पण तिने केसाने गळा कापला होता. त्या दिवसापासून मी तिच्या डब्याला हात लावलेला नाही.

पुढच्या अमावास्येला, ओहोटी संपल्यावर, मावशींकडे गेले. रडून सगळं सांगायचं, दोष त्या बाईवर टाकायचा, असं ठरवूनच गेले होते. मावशींनी मला बोलू दिलं नाही. पाणी दिलं, चहा विचारला.

"गुडघं दुखतान आता," म्हणाल्या. "मी जात नाय खाडीन."

मी बरं म्हणून उठले. पायरीवर त्यांचा आकडा भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्या टोकाचा चिखल ओला होता.