पाच वाजताची अंतिम यात्रा

सकाळी आठला दिब्रुगडहून फोन आला. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला होता. बोलत होता तो त्याच्या खोलीतला सोबती. भाऊ झोपेतच गेला होता.

रडायच्या आधी मी मोबाइलवर अंतर शोधलं. मी असाच आहे. हातपाय गळाले की हिशेब मांडत बसतो. इंदूर ते दिब्रुगड, सुमारे दोन हजार किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पावणेतीन तास. कागदपत्रांसाठी दुपारपर्यंतचा वेळ धरला आणि आमच्याकडे करतात तसं सगळ्या ग्रुपवर टाकून दिलं : अंतिम यात्रा आज सायंकाळी पाच वाजता, मल्हारगंजच्या राहत्या घरून. आईलाही तेच सांगितलं.

"पाचला ना नक्की?" ती म्हणाली. "मला तोंड बघू दिल्याशिवाय नेऊ नका मात्र."

ती पाचची वेळ नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेली होती. त्या रेघेवरून कुठलंही विमान जात नाही. भाऊ दिवाळीला यायचा तो दोनदा विमान बदलून, अर्धमेला होऊन, आणि त्याला आणायला दरवेळी मीच जायचो. तरी त्या सकाळी माझ्या टाळक्यात ते आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

दुपारी तीनला सोबत्याचा पुन्हा फोन आला. शवविच्छेदन उद्या होणार होतं. मग पोलिसांचा कागद, शरीर टिकवायचं औषध, पेटी, आणि मग विमानं. लवकरात लवकर म्हणजे परवा संध्याकाळ. मी लगेच सगळ्यांना सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. खोलीचं दार लावून बसून राहिलो.

साडेचारपासून लोक येऊ लागले. सियागंजमधले ओळखीचे दुकानदार दुकानं अर्ध्यावर टाकून आले. शेजाऱ्यांनी गल्लीत खुर्च्या मांडल्या, काकांनी बांबू आणून तिरडी बांधून ठेवली. पाच वाजून गेले तसं त्यांनी मला गाठलं. "अरे, एअरपोर्टला गाडी गेली की नाही? अंधेरा व्हायच्या आत न्यावं लागेल ना!"

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं.

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मागून एकानं हळूच विचारलं, "भिया, घर जाके नहाना पड़ेगा क्या?"

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"परवापर्यंत पेटीत ठेवू नका त्याला," ती म्हणाली. "तिकडेच करा."

"आई, तुला बघायचं होतं ना त्याला?"

"मला बघायचं होतं. त्यासाठी त्याचे हाल कशाला?"

तिनं माझ्याकडून फोन लावून घेतला आणि त्या सोबत्याला विचारलं, "बेटा, अग्नी तुम दे दोगे?" तो हो म्हणाला. व्हिडिओवर चेहरा दाखवतो म्हणाला, तर तिनं नको म्हटलं. मोबाइलातलं तोंड तिला नको होतं. "मेरी तरफ से बस एक बार उसके माथे पे हाथ फेर देना."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा स्मशानातून फोन आला. "फेर दिया, आंटी," तो रडत म्हणाला. "बहुत ठंडा है."



"तो फिर देर मत करो, बेटा."