ढवळीची टाकी

आमच्या व्हॅनला पेट्रोल कधी पुरलं नाही, पण किस्से मात्र कधी संपले नाहीत. आम्ही चौघं रोज तिच्यातूनच चितेगावला कंपनीत जातो. एसी नाही, रेडिओ बंद, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. मग बोलण्याशिवाय दुसरं करणार काय? एकानं किस्सा सांगायचा, दुसऱ्यानं तो खोडायचा, तिसऱ्यानं त्यात तिखटमीठ घालायचं. पण आम्ही घरच्या घरी टाकी उतरवली तो विषय निघाला की कुणालाच काही घालावं लागत नाही. तो आहे तसाच झणझणीत आहे!

चौघं म्हणजे कोण ते आधी सांगतो. मी स्टोअरला. भास्कर मेंटेनन्सला फिटर, व्हॅनचा मालक. खालेदभाई इलेक्ट्रिशियन. आणि चौथे देशमुख, सेफ्टीवाले. हा माणूस घरी दाढी करताना पण चष्मा लावून हातमोजे घालतो, असं त्यांच्या मिसेसच सांगतात.

व्हॅन भास्करच्या नावावर, पण खरी त्याच्या वडलांची. आप्पांचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघे कामातून गेले तेव्हा त्यांनी कळप विकला आणि पोराला ही सेकंडहँड व्हॅन घेऊन दिली. पांढरी म्हणून नाव ठेवलं ढवळी. कळपातल्या सगळ्यात लाडक्या मेंढीचं नाव होतं ते.

सकाळी आम्ही निघायच्या आधी आप्पा तिच्याभोवती एक चक्कर मारणार, पाठीवरून हात फिरवणार, टाकीचं झाकण उघडून आत डोकावणार. गल्लीत पेट्रोलचोरी सुरू झाल्यापासून त्या झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली आप्पांच्या करदोड्याला. पंपावर जायचं तर आधी म्हाताऱ्याकडून किल्ली मागून घ्यायची, आल्यावर परत करायची. मालक कोण ते समजा आता!

* * *

तर ही ढवळी सणावाराच्या दुसऱ्या दिवशी हटकून बंद पडायची. घरून झोकात निघायची, छावणीच्या पुलावर आली की दोनदा खोकायची आणि थंड. थोडा वेळ थांबलं की परत आपली चालू! कार्बोरेटर साफ केला, पंप बदलला, फिल्टर बदलला, लिंबू-मिरची बदलली. काही उपयोग नाही.

भास्करची बायको, आमच्या संगीता वहिनी, म्हणायच्या, "माझ्या माहेरी जायच्या दिवशीच बरं हिच्या पोटात दुखतं!"

गेल्या दिवाळीला तर कहरच झाला. वहिनींचं माहेर पैठणचं. घर दिसायला लागलं आणि कोपऱ्यावर ढवळी बसली. वहिनींचे दोन भाऊ आणि म्हातारे वडील, तिघांनी ढकलत गाडी दारापर्यंत नेली. आत वहिनी, पैठणी नेसून, मान खाली घालून! शेजारची एक बाई म्हणाली, "लेक आली गं, पण धक्का मारून आणावी लागली!"

तेव्हापासून वहिनी पेटल्या. आता सोमवारी धाकट्या भावाचा साखरपुडा होता. त्यांनी भास्करला सरळ सांगितलं, "सोमवारी गाडी तिच्या पायानं पैठणला गेली पाहिजे. रविवारी संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. चालू असली तर त्याला चहा पाजू, नसली तर गाडी देऊ."

आणि त्यांनी खरंच बोलावलं होतं!

शुक्रवारी व्हॅनमध्ये भास्करनं एकही किस्सा खोडला नाही. शेवटी म्हणाला, "आप्पांना कसं सांगू रे? कळप विकला तवा म्हातारा दोन दिवस जेवला नव्हता. आता ढवळी भंगारात गेली तर..."

औरंगपुऱ्यातल्या एका मेकॅनिकनं निदान केलं होतं, टाकीत कचरा आहे, टाकी उतरवावी लागेल. पण गाडी आठवडाभर सोडा म्हणाला. आठवडा कुठला आणायचा? भास्कर म्हणाला, "कंपनीत टनाटनाच्या मशिनी उतरवतो आपण. ही एवढीशी टाकी काय!"

कंपनीत वर क्रेन असते, हे त्या क्षणी चौघांपैकी एकालाही आठवलं नाही.

* * *

शनिवारी सकाळी सगळे भास्करच्या अंगणात. मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला हसतमुख माणूस म्हणाला, "सर्वप्रथम गाडी लिफ्टवर घ्या."

भास्करनं व्हिडिओ बंद केला.

जॅक एकच, तोही मधूनच खाली बसणारा. गाडी वर कशी घ्यायची यावर तासभर मीटिंग झाली. आप्पा लिंबाखाली बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आरं, तिला आडवी पाडा की! लोकर कातरताना मेंढी काय उभी ऱ्हाती व्हय?"

आम्ही हसलो. मग हसायचे थांबलो. खालेदभाई गाडीकडं बघत म्हणाले, "बात में दम तो है, मियाँ."

खोटं कशाला बोलू, आम्ही चौघांनी खरंच विचार केला! पत्रा चेपू नये म्हणून खाली गाद्या टाकायच्या असंही ठरलं. भास्कर आतून गादी घेऊन निघाला तर दारात वहिनी उभ्या.

"कुठं चालली गादी?"

"ढवळीला आडवं करायचंय."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ही माझ्या बापानं लग्नात दिलेली गादी आहे. हिच्यावर एक तर तुम्ही झोपा, नाहीतर ती. दोघं नाही."

गादी परत गेली. मग वखारीतून लाकडाचे जाड ओंडके आणले आणि जॅकनं बोट-बोट वर घेत मागची चाकं त्यांच्यावर टेकवली. देशमुखांनी पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, वर गाडीला दोरी बांधून ती लिंबाला बांधली. आप्पा एकदम खूष! म्हणाले, "हां, आता कशी दावणीला बांधल्यासारखी दिसती."

* * *

खरी गंमत पुढं. टाकी काठोकाठ भरलेली! कुणीतरी भास्करला सांगितलं होतं की पेट्रोल कमी असलं की गाडी हवा ओढते. म्हणून त्यानं शुक्रवारीच फुल्ल केली होती. भरलेली टाकी खाली घेणं म्हणजे माणूस कायमचा खाली जायचा. आधी पेट्रोल काढायला पाहिजे. पण कशात?

आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं होतं! आमच्या शहरात नळाचं पाणी कधी येतं हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ते आलं की गल्लीत रिकामं भांडं सापडणं अशक्य. ड्रम, कॅन, हंडे, कुकर, कढया, सगळं भरलेलं. एका घरी तर पोराची वॉटरबॅग, तीही भरून ठेवलेली.

खालेदभाई दारोदार फिरले. "काकू, एक कॅन खाली कर के देव ना."

काकू म्हणाल्या, "पाणी ओतून देऊ? आज? तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय का भाई?"

शेवटी डोकं चाललं ते भास्करचं. "भांडी भरलेली हायेत, पण गाड्यांच्या टाक्या तर रिकाम्या हायेत ना!" त्यानं गल्लीत सांगून टाकलं, ज्याला पेट्रोल पाहिजे त्यानं गाडी घेऊन यावं.

नळावर रांग लावायची सवय असलेली गल्ली! बघता बघता मोटरसायकली, स्कूटी ओळीनं उभ्या. "ओ, मी आधी होतो!" "माझी गाडी मघाशीच लावून गेले मी!" एका बाईंनी तर स्कूटीच्या जागेवर नुसतं हेल्मेट ठेवलं होतं. आप्पांनी करदोड्याची किल्ली कुणाच्या हातात न देता स्वतः झाकण उघडलं आणि खालेदभाईंनी नळी तोंडात धरून ओढली. पहिला घोट त्यांच्याच पोटात!

रांगेत सगळ्यात शेवटी अॅपेरिक्षावाले गायकवाड उभे. त्यांनी लाजत विचारलं, "माझी डिझेलची हाये. चालंल का?"

खालेदभाई पुढं दोन दिवस चहा प्यायले नाहीत. म्हणायचे, "गरम चीज से डर लगता, यार!"

* * *

देशमुखांनी सकाळपासून नियम लावले होते. विडी नाही, मोबाईल नाही, शेजारी वाळूची बादली. कुणी जोरात शिंकलं तरी ते दचकत होते.

दिवस मावळला आणि वहिनी नेहमीप्रमाणं तुळशीपुढं दिवा लावायला बाहेर आल्या. काडी ओढली न ओढली तोच देशमुख ओरडले, "आग! आग!" आणि धावत जाऊन अख्खी बादली उलटी केली. दिवा गेला, उदबत्ती गेली, तुळसही दिसेनाशी झाली. फक्त एक शेंडा तेवढा वर!

वहिनी वाळूच्या ढिगाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देशमुख भावजी, आता देवाला तुम्हीच सांगा दिवा का लावला नाही ते. मी मध्ये पडणार नाही."

देशमुखांनी खरंच हात जोडले.

* * *

रविवारी सकाळी टाकीचे बोल्ट. गंजून असे बसलेले की तेल पाजलं, हातोडीनं ठोकलं, शिव्या दिल्या. शेवटचा बोल्ट सुटला तो मात्र एकदम, आणि टाकी आली ती थेट भास्करच्या छातीवर! रिकामी होती म्हणून बरं. पण वर गाडी, खाली फरशी, मध्ये टाकी आणि भास्कर. हलता येईना.

तेवढ्यात लिंबाखाली ठेवलेला त्याचा फोन वाजला. मेव्हण्याचा, म्हणजे नवरदेवाचाच. मी उचलून स्पीकर लावला.

"दाजी, उद्या येताय ना वेळेवर? काय करताय?"

खालून भास्करचा दबलेला आवाज आला, "काय नाय... पडलोय जरा."

"तुमची मजा आहे बुवा! आम्ही इथं मरमर मरतोय."

आम्ही तिघं हसून हसून बेजार! भास्कर खालून शिव्या घालत होता, पण छातीवर वजन असल्यामुळं त्या पूर्ण होत नव्हत्या.

* * *

टाकी उलटी केली, हलवली. आतून खुळखुळ आवाज. मग भोकातून एकेक बाहेर पडायला लागले.

फुटाणे!

चांगले ओंजळभर. काळे पडलेले, फुगलेले, आणि त्यांच्याबरोबर चिकीसारखा तपकिरी चिकट गोळा. आम्ही चौघं बघतच राहिलो. आप्पा तेव्हा गिरणीवर दळण आणायला गेले होते.

देशमुख म्हणाले, "भेसळ! पेट्रोलमध्ये भेसळ!"

"फुटाण्यांची?" मी विचारलं.

खालेदभाई म्हणाले, "पंपवाला प्रसाद बाँटता क्या?"

भास्करचं मत उंदरावर. उंदरानं साठवून ठेवले असणार. पेट्रोलमध्ये पोहणारा उंदीर, कुलूप उघडून येणारा! त्यावर अर्धा तास भांडण झालं आणि निर्णय काही लागला नाही. टाकी पाण्यानं दहादा खळबळून धुतली, त्यासाठी वहिनींनी शनिवारच्या पाण्यातला ड्रम दिला म्हणजे बघा. मग उन्हात वाळायला गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी ठेवली.

पलीकडच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, "संगीता, हे कशाचं गं वाळवण?"

* * *

दुपार कलल्यावर टाकी परत चढवली. ढवळी खाली उतरली. शेवटचा बोल्ट आवळला आणि गेटवर हाक आली, "भंगार किसका है?"

आप्पा बाजेवरून उठले. "कोण हाय रं?"

भास्कर गेटकडं धावला. तो म्हणाला, "पाव्हणा हाय, आप्पा."

"मंग भायेर का उभा केलास? या पाव्हणं, बसा, च्या घ्या." आप्पांनी त्या माणसाला हाताला धरून बाजेवर बसवलं. वहिनी दारात उभ्या. त्यांनी एकदा आप्पांकडं बघितलं, एकदा ढवळीकडं, आणि आत जाऊन चहा ठेवला.

भास्करनं देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. नुसतं खरर्र. परत फिरवली. खरर्र. भास्करचा चेहरा पांढराफटक. देशमुखांनी डोळे मिटले. मग खालेदभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे दीवानों, पेट्रोल कहाँ है?"

सगळं पेट्रोल गल्लीच्या पोटात! मी पळत सुटलो. "काका, थोडं पेट्रोल परत..." एक म्हणे सासरवाडीला जाऊन आलो, संपलं. दुसरा म्हणे पोरगा गाडी घेऊन गेला. हेल्मेटवाल्या बाईंनी दारच उघडलं नाही! शेवटी धावून आले ते डिझेलवाले गायकवाड. बाटली हातात. "कुठून आणलं इचारू नका. वता लवकर!"

आप्पांनी झाकण उघडलं, पेट्रोल ओतलं. भास्करनं किल्ली फिरवली. आणि ढवळी अशी सुरू झाली, अशी सुरू झाली की लिंबावरचे कावळे उडाले! भास्करनं गल्लीतून तिला तीन चकरा मारून आणल्या, छावणीच्या पुलापर्यंत नेऊन आणली. एकदाही खोकली नाही. देशमुख नाचले, हेल्मेटसकट! भंगारवाल्यानं पण टाळ्या वाजवल्या आणि दुसरा चहा मागितला. वहिनींनी पदरानं डोळे पुसले. नारळ फोडला, ढवळीला हळदीकुंकू लावलं. भास्कर स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडत होता.

आम्ही सगळे गाडीच्या पुढं. नारळाचं पाणी कुणाला, खोबरं कुणाला, असा कालवा चाललेला. तेवढ्यात मागून कुलूप उघडल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ टण... टण... टण...

आम्ही चौघं धावत मागं गेलो. आप्पा टाकीपाशी उभे. कोपरीच्या खिशातून मूठ काढलेली, अर्धी आत गेलेली, अर्धी हातात. फुटाणे आणि वर गुळाचा खडा.

"आप्पा!!" भास्कर किंचाळला.

आप्पांनी शांतपणे उरलेली मूठ आत सोडली, झाकण लावलं आणि ढवळीच्या पाठीवर हात ठेवला.

"वरडू नगंस. दोन दिस झालं, पोटात कण नव्हता तिच्या. उद्या पैठणला जायाचंय, उपाशीपोटी कशी जाईल ती?"