नुसती चव

पिंपरीपासून चाकणपर्यंत दुपारच्या सुट्टीत जेवढी पोटं शांत होतात, त्यांतली निम्मी आपल्या डाव्या तळहातामुळे शांत होतात, असं आमच्या मावशीचं स्पष्ट मत आहे. आणि मावशीचं मत म्हणजे नुसतं मत नसतं, जाहीर सभा असते. चाकणच्या पुढे एमआयडीसीत पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये तिचं स्वयंपाकघर आहे. तिथून आसपासच्या कंपन्यांच्या कॅन्टीनना जेवण जातं. आचारी आहेत, चपात्या लाटणाऱ्या बायका आहेत, टेम्पो आहे, पण आमटीचं पातेलं उतरलं की सगळे बाजूला होतात आणि मावशी पुढे होते. पळीने आमटी डाव्या तळहातावर ओतून घेते, फुर्रकन ओढते, डोळे मिटते. तेवढा वेळ पोळपाटांचा आवाजसुद्धा थांबतो. मग निकाल लागतो. "मीठ कमी हाय!" नाहीतर, "जाऊ द्या गाडी!" वर्षानुवर्षं आमटी झेलून तो तळहात असा पिवळा झाला आहे की लग्नघरी अनोळखी बायका तिला नवरीची आई समजून आहेर करायला येतात.

मावशी मूळची बार्शीकडची. लग्न होऊन इकडे आली त्याला जमाना झाला, पण बोलणं अजून तिकडचंच आहे आणि आवाज तर शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारण्याचा. रहाटणीत आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या. ती मला फोन करते तेव्हा मला तो उचलावा लागत नाही. मला टक्कल पडलं, दोन मुली झाल्या, तरी तिच्या लेखी मी पप्याच. साधी गोष्ट साधेपणाने सांगणं तिला जमतच नाही. मेथीची जुडी ताजी मिळाली तरी, "पप्या, आज इतिहास घडला बग!" असं जिन्यातून ऐकू येतं, आणि समोरचे निवृत्त गृहस्थ पेपर टाकून धावत बाहेर येतात. तिच्या दारात आलेला माणूस खाल्ल्याशिवाय परत जात नाही. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा तिच्या मजल्यावर मुद्दाम शेवटी येतो, कारण तिथल्या शिऱ्यानंतर त्याला जिना चढवत नाही.

या मावशीला वजनाने गाठलं होतं. गुडघे बोलायला लागले, शुगर वाढली, आणि डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. दुसरी कुणी बाई असती तर गुपचूप दवाखान्यात गेली असती. मावशीने जिन्यातून जाहीर केलं, "पप्या, मी पोट कापून घेतेय!" आणि तीन मजल्यांवरची माणसं हातातलं काम सोडून पळत आली. ऑपरेशनच्या पथ्याला लागण्याआधी तिने सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं, तेही स्वतःला निरोप द्यायला. बार्शीची मंडळी गाडी करून आली. डोळे पुसत पुसत त्यांनी पुरणपोळ्या खाल्ल्या, मावशीच त्यांना धीर देत वाढत होती.

आणि ऑपरेशन फळलं हो! वजन उतरत गेलं, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, मावशी लिफ्ट सोडून जिन्याने चढायला लागली आणि वाटेत प्रत्येक दारावर थाप मारून, "बगा, चढले!" असं सांगायला लागली. जुने ब्लाउज तिने बहिणींत वाटून टाकले. त्यावरून माझ्या आईने महिनाभर अबोला धरला होता, कारण तिच्या वाट्याला आलेला तिला बरोबर बसला. दारात आडवी उभी राहून मावशी मला विचारायची, "दिसते का रं मी?" मी म्हणायचो, "दिसत नाहीस, पण ऐकू येतेस."

मग दोन-तीन वर्षांत ते वजन परत आलं. मावशीच्या आयुष्यात आवाज न करता आलेली ती एकच गोष्ट असेल. आधी तिने वजनकाट्याला दोष दिला आणि तो पिंपरी कॅम्पातून बदलून आणला. नव्यानेही तेच सांगितल्यावर ती स्वयंपाकघरातल्या मालाच्या काट्यावर उभी राहिली, शेजारी बटाट्याचं पोतं ठेवून. पोत्याला आपण मागे टाकलंय हे दिसल्यावर तिने बटाटेवाल्याला बोलावून, माल कमी भरतोस म्हणून झापलं. आम्ही सगळे हसलो. पण एके दिवशी ती माझ्या घरी आली, खुर्चीत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "शुगरची गोळी परत सुरू झाली रं." मावशीला हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. "ऑपरेशन वाया गेलं का माजं? परत कापतील का? आन् मी तर जेवतबी न्हाई पप्या. नुसती चव बगते."

दुसऱ्याच आठवड्यात मी तिला चिंचवडच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती, शिडशिडीत. मावशीने आत शिरताच, "तू सकाळपासून काय खाल्लंस गं?" असं विचारून तिच्याकडून उत्तरही घेतलं. मग प्रश्न विचारायची पाळी त्या मुलीवर आली.

"नाश्त्याला काय खाता?"

"एक इडली. ती बी चावून चावून."

"दुपारी?"

"दुपारी जेवतच न्हाई. कामात वेळ कुठला?"

"मग दिवसभर काहीच नाही?"

"काहीच न्हाई. नुसती चव बगते."

मुलीचा पेन थांबला. "कशाची चव?"

झालं! मावशीला आवडता विषय मिळाला. आमटीची चव, ती उकळण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. सुक्या भाजीची, रस्साभाजीची, भाताची दोन बोटांत. चपातीचा तुकडा, मऊ आहे का बघायला. कोशिंबिरीची. गुरुवारी गोडाची, आणि गोड बिघडू नये म्हणून जरा जास्त. दुसऱ्या पाळीच्या जेवणाला हेच सगळं पुन्हा. ती मुलगी हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मावशी, तुमचं ऑपरेशन वाया गेलेलं नाही. पोट अजून लहानच आहे, म्हणून ते एका वेळी थोडंच घेतं. पण तुम्ही दिवसभर थोडं थोडं देत राहिलात तर ते तरी काय करणार?" मावशीला हे अजिबात पटलं नाही. चव ती चव आणि जेवण ते जेवण. तेव्हा त्या मुलीने युक्ती सांगितली. एक दिवस नेहमीसारखी चव बघायची, पण जेवढं तोंडात जाईल तेवढंच शेजारी डब्यात टाकायचं. संध्याकाळी डबा उघडून बघायचा. "स्पर्धा!" मावशी टाळी वाजवून उठली. "पप्या, डबा तू धरायचा!"

माझी त्या आठवड्यात रात्रपाळी नव्हती आणि रजाही शिल्लक होती, त्यामुळे सुटका नव्हती. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मावशी गाडीच्या खिडकीतून रिक्षावाल्यांना आजच्या स्पर्धेची माहिती देत होती. शेडमध्ये पोचल्यावर तिने सगळ्यांसमोर चार पुडांचा रिकामा डबा उलटा करून दाखवला. "बगून घ्या, आत काय न्हाई. आन् दिवस संपल्यावर बी काय नसंल!" मग काम सुरू झालं. तिच्या तळहातावर आमटी, माझ्या पुडात आमटी. तिच्या तोंडात बटाट्याची फोड, डब्यात फोड. सुरुवातीला ती मला चिडवत होती, "काय रं, तळ तरी झाकला का?" दुपारी पहिलं पूड भरलं तेव्हा तिने विषय बदलला. तिसरं भरलं तेव्हा ती माझ्याकडे बघायची बंद झाली. दिवस संपायला आला तेव्हा चौथ्याचं झाकण दाबून लावावं लागलं.

मावशी तरीही हार मानेना. "एवढ्यानं कुणाचं पोट भरतंय?" असं म्हणून तिने टेम्पोवाल्याला बोलावलं. हा गडी चिखलीचा, तालमीत वाढलेला, दंड असे की टेम्पोचं चाक हाताने उचलेल. त्याला चारही पुडं वाढून दिली. सगळं शेड भोवती उभं. त्याने मुकाट्याने सगळं संपवलं, पाणी प्यायला, मोठा ढेकर दिला आणि म्हणाला, "मावशे, लई झालं राव. आता घरी फोन करतो, माजी भाकरी टाकू नगा म्हून."

मला वाटलं, आता मावशी रडते. तिने तळहाताकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि एकदम असा आनंदाचा आरडाओरडा केला की बाहेरचा वॉचमन काठी घेऊन आत आला. "सापडला! आगं, चोर सापडला! ऑपरेशन वाया न्हाई गेलं! माजा हातच चोर निगाला!" चपात्या लाटणाऱ्या बायकांना तिने मिठ्या मारल्या, टेम्पोवाल्याच्या पाठीत धपाटा घातला, डबा डोक्यावर घेऊन एक फेरी मारली. एवढी खूश ती पहिल्यांदा वजन उतरलं तेव्हाही नव्हती.

पण चोर सापडला तरी त्याला घरातून काढायचा कसा? मावशीने चव घ्यायची सोडली तर आमटीचं काय? हजारभर माणसं त्या आमटीवर पाळी काढतात. ती बिघडली तर मावशीला पथ्य काय कामाचं! कुणीतरी सुचवलं, चव घेऊन थुंकून टाकायची. मावशी अशी भडकली की सांगणारा टेम्पोमागे जाऊन उभा राहिला. "अन्न थुंकू व्हय?" मग तिने वासावरून मीठ ओळखायचा प्रयोग केला. त्या दिवशी कॅन्टीनमधल्या कामगारांनी पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या. शेवटी एकच वाट राहिली, आणि त्या वाटेवर मावशीची सूनबाई उभी होती.

सूनबाई दापोलीची. स्वयंपाकघराचा सगळा हिशेब, फोन, गाड्या तीच बघते, पण पातेल्याजवळ तिला कधी येऊ दिलेलं नव्हतं. "कोकणातली जीभ ती," मावशी म्हणायची, "तिला आमटीत गूळ टाकल्याशिवाय झोप येत न्हाई." त्या सोमवारी मावशीने तिला हाक मारली आणि पळी तिच्या हातात दिली. आमच्यात जमिनीची वाटणी झाली तेव्हासुद्धा एवढी शांतता नव्हती. सूनबाईने डावा तळहात पुढे केला, थेंबभर आमटी घेतली, सासूकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाली, "आई, मीठ बरोबर आहे. चिंच जरा कमी..." "माज्याकडं बगू नगंस," मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आमटीकडं बग."

त्या दुपारी मावशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उष्टी ताटं ठेवतात तिथे जाऊन उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक ताटात डोकावत होती. वाट्या रिकाम्या येत होत्या. एकाला तिने धरलंच. "आमटी कशी होती?" तो म्हणाला, "आज वेगळी लागली, मावशी." "वाईट?" "नाही हो. दोनदा घेतली." मावशीने मान हलवली. परतताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तिने एकाही रिक्षावाल्याला हाक मारली नाही. मग म्हणाली, "चिंचेचं बरोबर बोलली ती. मलाबी गेलं वरीसभर वाटत होतं."

आता मावशी जेवते. दुपारी सगळं काम थांबवून शेडच्या कोपऱ्यात पाट टाकून बसते. आधी अंडं नाहीतर मटकीची उसळ, मग भाजी, मग जागा उरली तर चतकोर भाकरी. जेवताना पाणी नाही, बोलणं नाही. ते न बोलणं तिला वजनापेक्षा जड जातं, म्हणून ती हातवारे करते, आणि आचारी त्यांचा भलताच अर्थ लावून आमटीत तिखट टाकतात. काटा खाली येतोय, हळू, पण येतोय. पहिला किलो उतरला तेव्हा अख्ख्या इमारतीने ते ऐकलं. शुगरची गोळी अर्धी झाली तेव्हा शेजारच्या काळेवाडीनेही ऐकलं असणार. पहिल्यांदा पाटावर बसली त्या दिवशी मी तिथेच होतो. सूनबाईने वाढलं. मावशीने वाटीतली आमटी सावकाश खाल्ली आणि बराच वेळ वाटीकडे बघत राहिली. "पप्या," ती म्हणाली, "एवढ्या माणसास्नी जेवू घातलं, पन ह्या शेडमदी मी बसून जेवले न्हवते रं कदी. खरंच नुसती चव बगत आले."

कुठेही पातेल्याचं झाकण उघडलं की तिचा डावा हात अजून आपोआप पुढे येतो. परवा माझ्या घरी चहाचं झाकण काढलं तरी आला. मग तिच्या लक्षात येतं, ती मूठ मिटते आणि हात पदराखाली घेते. मला त्या वेळी तिच्याकडे बघवत नाही. तो तळहात आता पांढरा पडत चाललाय. मागच्या भाऊबीजेला आम्ही सगळे तिच्याकडे होतो. सूनबाई ताटं मांडत होती, तेव्हा मावशीने एकदम तिचा डावा हात धरला आणि उजेडाकडे उलटा केला. मधोमध पिवळा डाग धरला होता. मावशी त्यावरून अंगठा फिरवत राहिली. सूनबाई घाबरून म्हणाली, "आई, काही चुकलं का?"

"न्हाई गं," मावशी म्हणाली, आणि शुगरची गोळी परत सुरू झाली त्या दिवशीसारख्याच हळू आवाजात म्हणाली, "तू जेवलीस का?"

"मगाशी चव बघितली ना आई, आता भूक नाही."

मावशीने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, आपल्या शेजारचा पाट सरकवला आणि तिला खांद्याला धरून खाली बसवलं. मग आम्ही सगळे ताटं समोर घेऊन थांबलो, आणि आधी तिला वाढलं.